पान अकरावरील ठिगळ

सकाळचे दहा वाजले होते आणि सुमनबाईंची तीन वर्षांची लेक छबी खळ चाटत होती. चिकटवायचा कागद तिने मांडीखाली घेतला होता आणि पाचही बोटे तोंडात घातली होती.

“खाऊ द्या जी मास्तर,” सुमनबाई म्हणाल्या. “कणीकच तर आहे. मीठ असतं त मीबी खाल्ली असती.”

सत्तरच्या दशकातील ही गोष्ट. मी तेव्हा नागपुरातील एका संस्थेच्या बालवाड्यांचा पर्यवेक्षक होतो. एप्रिल तापला की बालवाड्या बंद होत आणि पोरे दोन महिने घरात कोंडली जात. त्यांच्या आयांसाठी मी ‘घरातली बालवाडी’ ही पुस्तिका लिहिली. तूर आणि चणे मिसळून मुलाला निवडायला द्यावेत, बोटांना वळण लागते. संत्र्याच्या साली वाळवून त्यांचे मासे आणि पाने करावीत. जुने वर्तमानपत्र फाडून तुकड्यांचे चित्र चिकटवावे. कात्री देऊ नये. तीन वर्षांच्या बोटांचा व्यायाम फाडण्यात असतो. हल्ली याच गोष्टींना इंग्रजी नावे देऊन कोणी मला समजावून सांगू लागला, तर मी त्याला चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

माझा नियम कडक होता. तीन घरांत करून पाहिल्याखेरीज एकही उपक्रम पुस्तिकेत जाणार नाही. संस्थेत या नियमाची टिंगल होत असे. टिंगल करणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात तूर निवडलेली नव्हती.

नियमातून एकच गोष्ट सुटली. खळ. कणीक पाण्यात कालवून शिजवली की खळ होते. त्यात करून काय पाहायचे? चिकटकामाच्या चाचणीला मी ऑफिसातला डिंकच नेला होता. आमच्या ऑफिसची रजिस्टरे बांधणाऱ्या बाइंडरकडून मी कृती उतरवून घेतली. त्याच्याच शब्दांत, शेवटच्या ओळीसह: ‘चिमूटभर मोरचूद घालावे.’

दुसऱ्या दिवशी पुस्तिकेचे प्रकाशन होते. प्रमुख पाहुण्याबाईंसमोर वीस आया मुलांना घेऊन चिकटकामाचे डेमॉन्स्ट्रेशन देणार होत्या. त्यांतल्या सुमनबाईंना खळीची कृती मी आधीच उतरवून दिली होती आणि तयारी पाहायला त्यांच्याकडे, इंदोरा वस्तीत, गेलो होतो.

“खळ पुस्तिकेप्रमाणेच केली ना?” मी विचारले.

“सारं तसंच केलं. फक्त ते मोरचूद नाही टाकलं.”

“का?”

“काहून म्हणता? माहा बाप सावनेरकडे संत्र्याच्या बगीच्यात कामाले होता. चुना अन् मोरचूद कालवून झाडाच्या बुडाले लावे. हात धुतल्याबिगर आमाले जवळ येऊ नाही दे. जहर आहे ते. अन् तुमी लेकराच्या बोटाले लावून राहिले?”

मोरचूद म्हणजे ते निळे खडे. बाइंडर ते खळीत घालतो, कारण मग पुस्तकाला कसर लागत नाही. कसर लागत नाही, कारण कसर मरते. हे मला ठाऊक होते. बाइंडरच्या दुकानात बसलो असतो तर मी ते कोणालाही समजावून सांगितले असते. मात्र ती ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रजिस्टर होते, छबी नव्हती.

छबीने पाचवे बोट चाटून संपवले आणि पुन्हा वाटीत हात घातला. मी ती वाटी उचलली आणि सायकल थेट ऑफिसकडे हाणली.

संस्थेचे सचिव देशकरसाहेब उद्याचे हार मोजत होते. तीनशे प्रती छापून, बांधून टेबलावर आल्या होत्या. मी पान अकरा उघडून दाखवले.

“मागे एक शुद्धिपत्र जोडून टाकू,” ते म्हणाले.

“शुद्धिपत्र कोणी वाचते का? तुम्ही वाचता?”

“मी मजकूरसुद्धा वाचलेला नाही,” साहेबांनी अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले. “आणि चिमूटभराने असे काय होते हो?”

मी वाटीत बोट बुडवले आणि त्यांच्यासमोर चाटले. “मुले हे असे करतात. दिवसातून दहा वेळा करतात. आता बाइंडरकडून चिमूट आणतो. घालतो. तुम्ही चाटा.”

साहेबांनी वाटी बोटाने दूर सरकवली. प्रसंग एवढाच घडला. मी निळी खळ वाटीभर प्यायलो आणि मला मेयो इस्पितळात न्यावे लागले, ही संस्थेच्या स्मरणिकेत पुढे छापून आलेली कथा साफ खोटी आहे. खळ पांढरी होती, एक बोटभर होती आणि सुमनबाईंचे म्हणणे बरोबर होते: तिला मीठ हवे होते.

प्रकाशन पुढे ढकलायला साहेब तयार होईनात आणि त्या ओळीसह एकही प्रत बाहेर जाऊ द्यायला मी तयार होईना. दुपार आमच्या भांडणात गेली. तेवढ्यात सुमनबाई छबीला कडेवर घेऊन आपली वाटी परत न्यायला आल्या. त्यांनी दोन मिनिटे आमची खडाजंगी ऐकली.

“लुगडं फाटलं त ठिगळ लावते मानूस,” त्या म्हणाल्या. “पुस्तकाले लावा ना. उद्या आमी वीस जणी चिकटवालेच त येऊन राहिलो.”

त्याच स्मरणिकेत ही कल्पना देशकरसाहेबांची म्हणून छापली आहे. त्या वेळी साहेबांनी काढलेले पूर्ण उद्गार मी देतो: “हँ.”

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर वीस आया बसल्या. घोटीव कागदाच्या पट्ट्या मी सकाळीच कापून ठेवल्या होत्या आणि सगळ्यांची खळ सुमनबाईंनी, मोरचूद न घालता, शिजवून आणली होती. आईने खळ लावायची, पोराने पट्टी पान अकरावरच्या त्या ओळीवर दाबायची. पोरांनी निम्मी खळ खाल्ली आणि उरलेल्या निम्मीत तीनशे प्रती झाल्या. पट्ट्या लाल, हिरव्या, बहुतेक तिरप्या. पाहुण्याबाई हरखून गेल्या. त्यांनी वाकून छबीच्या हातातल्या प्रतीवरच्या पट्टीवर बोट ठेवले.

“याच्याखाली काय झाकलंय?”

“छापखान्याची चूक,” देशकरसाहेब तत्काळ म्हणाले. “हे कंपोझिटर लोक, बाई! हाताला येईल ते जुळवतात.”

कंपोझिटर म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ जुळवणारा कारागीर. आमचे कंपोझिटर वामनराव त्या क्षणी दारातच उभे होते. गठ्ठे त्यांनीच वाहून आणले होते. प्रूफ दाखवताना त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारले होते, “मास्तर, लेकरांच्या खळीत मोरचूद? एकदा पाहून घ्या ना जी.” मी त्यांना म्हणालो होतो, “तुम्ही अक्षरे जुळवा. मजकुराचे मी पाहतो.”

आता वामनराव माझ्याकडे पाहत होते. मी खाली वाकलो आणि छबीची पट्टी नीट दाबू लागलो. त्या दिवशीची ती एकमेव सरळ पट्टी होती.

टाळ्या झाल्या, हार झाले. जाताना वामनराव माझ्याजवळ थांबले.

“खळ मस्त जमली बरं का मास्तर,” ते म्हणाले. “तुमचं तोंडबी चिकटलं.”

पुढच्या वर्षी संस्थेचे छपाईचे काम दुसऱ्या प्रेसला गेले. का गेले, हे मी विचारले नाही.

स्मरणिका आली तेव्हा मी संपादकांना दोन खरमरीत पत्रे लिहिली. एक वाटीबद्दल, एक ठिगळाच्या कल्पनेबद्दल. त्याच पानावर तिसरे वाक्य होते: ‘मुद्रकाच्या हलगर्जीपणामुळे एक ओळ चुकीची छापली गेली.’ त्याबद्दल मी पत्र लिहिले नाही. ते वाक्य मला सोयीचे होते.

ते पत्र आता लिहितो आहे. वामनराव ते वाचायला राहिलेले नाहीत. ओळ चुकीची छापली गेली नव्हती. मी लिहिली तशीच, अचूक छापली गेली होती. छापायला दिलेली कॉपी माझ्या हस्ताक्षरात होती आणि प्रूफवर सहीही माझी होती.

नव्या शिक्षिका मला काही सांगा म्हणतात. मी दोनच गोष्टी सांगतो. मुलाच्या हातात द्यायची वस्तू आधी स्वतः चाटून पाहा. आणि कंपोझिटरने काही विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी ती ओळ पुन्हा वाचा.