मामांची पोटरी आणि माझं संशोधन

सासऱ्यांचे दोन्ही पाय मी उपरण्याने एकत्र बांधले, त्यामागे माझा कोणताही वाईट हेतू नव्हता. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. सासऱ्यांच्या गावी, युसूफ वडगावात, ही हकीकत वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते.

माझे सासरे, म्हणजे मामा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. आमच्याकडे धारूरला मुक्कामाला आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "सर, पोटरी लई ठणकायलीय बगा."

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून मामा मला जावई असूनही सर म्हणतात. (त्या काळी म्हणत.)

"डॉक्टरकडं न्या," सुनीता म्हणाली. ही माझी बायको.

"आधी अभ्यास करू," मी म्हणालो.

याला कारण आमची मुलगी प्रणाली. ती बीडला नर्सिंग शिकते. मागच्या सुट्टीत तिने मला आरोग्यशास्त्राचं संशोधन शोधायचा डेटाबेस दाखवला होता. "पप्पा, दोन शब्दांमध्ये 'अँड' टाकलं की दोन्ही शब्द असलेलेच लेख येतात. 'ऑर' टाकलं की कुठलाही एक असला तरी चालतो. 'नॉट' टाकलं की नको ते गळतं."

"उभयान्वयी अव्ययं तू मला शिकवतीस?"

"बरं, पण बाजूला 'ह्यूमन' लिहिलेलं असतं, तिथं टिक करायचं. मग फक्त माणसांवरचं संशोधन..."

"आजारी माणसंच पडतात, बाई," असं म्हणून मी विषय संपवला.

तर पोटरीला इंग्रजीत काफ. मी 'काफ अँड पेन' टाकलं. लेखांचा पाऊस पडला! एवढ्या लोकांच्या पोटऱ्या दुखतात हे पाहून मामांनाही धीर आला. लेखांतले शब्द फार जड होते, म्हणून मी ते मोबाईलवर मराठीत करून घेतले. तर जिकडे तिकडे 'वासरू'! मला हसू आलं. इंग्रजीत वासरालाही काफ म्हणतात आणि पोटरीलाही. बिचारं यंत्र फसलं. पण मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, मी कसा फसेन? जिथे जिथे 'वासरू' होतं, तिथे तिथे मी 'पोटरी' वाचत गेलो.

पहिली सूचना होती, वासरांना चीक लवकरात लवकर द्यावा. पोटरीला तोंड नसल्यामुळे तो मामांच्या तोंडातून देणं भाग होतं. शेजारच्या कांबळेकाकांची म्हैस नुकतीच व्यालेली. सुनीताने खरवस केला. मामांनी वाडगाभर खाल्ला.

"ह्ये औषध झ्याक हाय. सांच्याला बी द्या."

दुसरी सूचना, खाली कोरडं, मऊ काड अंथरावं. मी गव्हाचं काड आणून पलंगावर पसरलं.

"अहो, हे काय?" सुनीता ओरडली.

"संशोधन."

आईने चाटल्यास रक्ताभिसरण सुधारतं, असंही एके ठिकाणी होतं. मामांच्या मातोश्री हयात नसल्याने तो उपचार वगळला.

शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची. एकेकटं ठेवण्यापेक्षा जोडीने ठेवल्यास ताण कमी होतो. मी उपरणं घेतलं आणि दोन्ही पोटऱ्या जोडीने ठेवल्या.

"सर, बांदायलाव कावून?"

"ताण कमी होतो, मामा."

"मला तर वाढल्यावानी वाटायलाय."

तेवढ्यात कांबळेकाका चीक कसा लागला ते विचारायला आले. "जय भीम, मामा!" दारातूनच म्हणाले. मामा रीतीचे पक्के. "जय भीम!" म्हणत ताडकन उठले आणि अख्खेच्या अख्खे माझ्या अंगावर आले! मी खाली, मामा वर, आणि आम्हा दोघांवर गव्हाचं काड.

सुनीताने आधी उपरणं सोडलं, मग प्रणालीला फोन लावला.

"पप्पा, एकच पाय दुखतोय की दोन्ही?"

"एकच. उजवा."

"सुजलाय? हात लावून बघा, गरम लागतोय?"

मी सगळे लेख वाचले होते, पाय तेवढा पाहायचा राहिला होता. उजवी पोटरी डावीपेक्षा चांगलीच फुगलेली. हात लावला तर गरम.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या. चोळू नका," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी तसाच अनवाणी गाडी आणायला धावलो. केजच्या दवाखान्यात जाताना गाडीत मी मामांचा हात धरून बसलो होतो, आणि उलट मामाच मला म्हणत होते, "भिऊ नका, सर."

सोनोग्राफी झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी.

"मालिश केली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"फार बरं केलंत. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर जिवावर बेतलं असतं."

सुनीताने माझ्याकडे, लग्नानंतर पहिल्यांदाच, आदराने पाहिलं.

"मग केलंत काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "चीक पाजला, काड टाकलं, अन् बांदून घातलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू मामा बसस्टँडपर्यंत फिरून यायला लागले. प्रणाली घरी आली, तिने 'ह्यूमन'वर टिक केलं, वासरांना 'नॉट' लावून बाहेर काढलं, एका पायाची सूज आणि दुखणं असं नीट शोधलं. गुठळी पहिल्याच पानावर होती. मग तिने माझी पूर्ण शिकवणी घेतली. आता मला शोधता येतं, अगदी उत्तम येतं.

पण रुग्णच मिळत नाही. आमच्या घरात आता कुणालाच काही होत नाही. परवा मामा आतल्या खोलीत खोकत होते, म्हणून मी मोबाईल घेऊन लगबगीने गेलो. मला पाहताच खोकला अर्ध्यावर थांबला!

इतका झटपट गुण दुसऱ्या कुठल्याच औषधाने येत नाही, असं सुनीता म्हणते.