सगळ्यात वरची पायरी

सुदर्शनचं गाव किल्लारीच्या बाजूला. भूकंपाच्या आधी वर्षभर तिथं जमिनीतून आवाज यायचे, उतरंडीतली मडकी वाजायची. आई, तारामती, घाबरायची. वडील म्हणायचे, जमिनीला बी कूस बदलावी लागते. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात माळवद कोसळलं. मायलेक अंगणात झोपले होते म्हणून राहिले. वडील आणि धाकटी बहीण आत होती.

वीस वर्षांनी तो लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटरचं काम बघत होता. मुलं दारातल्या यंत्रावर अंगठा टेकवत. त्याने पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम ती हजेरी वाचून नोंदी करी. नोंदींच्या खालून वर पाच पायऱ्या होत्या: डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल. खालच्या पायऱ्यांवरच्या नोंदी फाइलीत पडून राहत. सगळ्यात वरची थेट संचालक शरणप्पा सरांच्या मोबाइलवर जाई. कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. सुदर्शनला ते ठरवता येईना. यंत्राची वायर ढिली झाली, प्रिंटरमधला कागद संपला, एखादा पोरगा एक दिवस आला नाही, सगळं क्रिटिकल. लहान म्हणून सोडून द्यावं असं त्याला काही दिसतच नव्हतं.

"सुदर्शनराव, तुमच्या प्रोग्रामात रोजच भूकंप व्हायलाय की," सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. स्टाफ हसला. पायऱ्या नीट लावा, असं त्यांनी दोनदा बजावलं. तो हो म्हणाला आणि त्याने काही बदललं नाही. शेवटी सरांनी त्या संदेशांचा आवाजच बंद केला.

शिवकांता त्याच क्लासची विद्यार्थिनी, कंधारकडची. मागच्या गल्लीत खोली करून राहायची, घरी फक्त रविवारी फोन करायची. खोलीतल्या मुली सणाला गावी गेल्या असताना ती दोन दिवस क्लासला आली नाही. दोन्ही दिवशी संदेश गेला, वायरी आणि कागदांच्या गर्दीत. तिसऱ्या दिवशी घरमालकिणीने दार तोडायला लावलं. डेंग्यू होता. दवाखान्यात नेईपर्यंत ती टिकली नाही.

तिचे वडील ग्यानोबा प्रवेशावेळी जमा केलेली तिची दहावीची सनद परत घ्यायला क्लासवर आले. सोबत तिची पत्र्याची पेटी होती. सुदर्शनने सनद काढून दिली आणि त्याला राहवलं नाही.

"काका, मी कळवलं होतं. दोन्ही दिवशी."

ग्यानोबांनी सनद घडी घालून खिशात ठेवली.

"आत्ता तिच्या खोलीवरूनच आलो," ते म्हणाले. "मला वाटलं लई लांब असंल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पेटी उचलून ते स्टँडकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा मोबाइल वाजला. आवाज त्यांनी आता चालू केला होता. शिवकांता गैरहजर, क्रिटिकल. सर स्वतः सुदर्शनच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले की तेवढं नाव काढून टाका.

त्याला ते काढवेना. त्याने तिच्यापुरती एक वेगळी ओळ लिहिली आणि ती नोंद सगळ्यात खालच्या पायरीवर नेली. तिथं ती रोज सकाळी लिहिली जाते. कुणाचा मोबाइल वाजत नाही.