पट्टा ओरडत होता

आमच्या घरात कोणतंही यंत्र बिघडलं की डॉक्टर एकच, बाबा. पंखा असो, शिलाई मशीन असो की विहिरीवरची मोटर, ते आधी हात लावत नसत. आधी ऐकायचे. त्यांचा उभा जन्म गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये पट्टे, बेअरिंगं आणि धान भरडणारे हलर यांच्या गराड्यात गेला. मिलच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचं कोणतं बेअरिंग कोरडं पडलंय ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. ती आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकली की शेवटी शेवटी तिचाही कंटाळा यायला लागला होता.

त्यामुळे गाडी त्रास द्यायला लागली तेव्हा मी लक्षच दिलं नाही. गाडी म्हणजे पांढरी, छोटी, दुसऱ्याची वापरून झालेली. आईच्या किडन्या गेल्या त्या वर्षी घेतलेली, आणि घेतली तेव्हाच म्हातारी. आमचं गाव चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं, आणि डायलिसिस गोंदियाला. मंगळवार आणि शनिवार, आठवड्यातून दोन खेपा. सुरुवातीला आईला मीच न्यायची. मी गोंदियातच राहते, तिथल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. त्या काळात माझ्या सगळ्या रजा संपल्या, मॅनेजरचं तोंड वाकडं झालं, घरी मुलांची जेवणं थंड झाली. मग एक दिवस बाबा म्हणाले, "मी नेतो तिले. मले काय काम आहे?" खरं सांगते, मला तेव्हा बापाचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. सुटल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून ते दोघं यायचे. मी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन दवाखान्यात तोंड दाखवायची आणि परत काउंटरवर जाऊन बसायची. बाबा बाहेरच्या बाकावर बसलेले असायचे. गाडीच्या तक्रारी मला तिथंच कळत गेल्या. आधी म्हणाले, बॅटरीचा लाल दिवा मिणमिणते. मग म्हणाले, सकाळी गाडी उचलत नाही, धक्का मारावा लागते. मग नवी बॅटरी घातली. थोड्या दिवसांत तीही बसली. बॅटरीवाल्याने ती तपासून सांगितलं, "काकाजी, बैटरी तो एकदम ओके है. चार्जिंग देख लो, बेल्ट देख लो." बाबा त्याच्यावर उखडले. मला येऊन म्हणाले, "मले पट्टा शिकवते! पट्टा घसरला तं ओरडते. अख्खी मिल डोक्यावर घेते. माझ्या गाडीचा पट्टा एका शब्दानं नाई ओरडला. मंग कायचा पट्टा?"

त्यांच्या बोलण्यात तर्क होता. मलाही पटलं. पट्टा खाली, इंजिनाच्या आडोशाला असतो. वाकून बघायला त्यांची कंबर आता साथ देत नव्हती, आणि जे कानाने कळतं ते डोळ्याने कशाला बघायचं ही सवय जुनी. त्यांनी बॅटरीची टोकं घासली, वायरी बदलल्या, दिव्याचा बल्बच खोटा आहे असंही एकदा ठरवून टाकलं. रोग हाल्याला नि इंजेक्शन पखालीला, असं दोन महिने चाललं.

मागच्या कार्तिकात एका शनिवारी मी त्यांच्यासोबत गावी जायला निघाले. रविवारी आईचे कपडे धुवायचे होते, औषधं लावून द्यायची होती. आई डायलिसिस करून बाहेर आली होती, पिळून काढलेल्या फडक्यासारखी. तिला पुढच्या सीटवर बसवलं. मी म्हटलं, मागे आडवी हो, मी पुढे बसते. तर म्हणाली, "नाई, मी पुढंच बसतो. मले पुढं बरं वाटते." आमच्याकडे बायकाही 'बसतो' म्हणतात. मी मागे बसले.

बाबांनी चावी फिरवली आणि गाडी किंचाळली. साधी कुरकुर नव्हे. पाटीवर खडू उलटा ओढावा तशी लांब, दात आंबवणारी किंचाळी. दवाखान्याचा चौकीदार वळून बघायला लागला. झाडाखाली डबा खात बसलेली माणसं घास हातात धरून थांबली. मी कानांवर हात ठेवले. बाबांनी मात्र शांतपणे आरसा नीट केला आणि गिअर टाकला.

"बाबा, हा आवाज कशाचा?"

"कोणता आवाज?"

"अहो, हा काय! किंचाळून राहिली ना गाडी!"

"इंजिनचा आवाज आहे तो. मस्त चालून राहिलं इंजिन," ते म्हणाले. आईने मागे न बघता म्हटलं, "जुनी गाडी आहे वो बाई, चालाचंच. तू झोप." थोडं पुढे गेल्यावर किंचाळी विरली. मला राग आला होता. म्हातारा हट्टी होत चाललाय, आपलं म्हणणं खरं करण्यासाठी कानात बोळे घालून बसलाय, असंच मला वाटलं. भांडायची ताकद नव्हती.

तिरोड्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी धानकापणी चालली होती. आई डोळे मिटून बसली होती, पण मधूनच बोलत होती. "मागून टिप्पर आहे." बाबा गाडी बाजूला घ्यायचे. "हॉर्न देऊन राहिला, जाऊ द्या त्याले." पुन्हा बाजूला. मला वाटलं, आजाराने ही भित्री झाली आहे. गाडी चालवणाऱ्याला असं सारखं टोकणारं माणूस शेजारी बसलं तर मी तरी वैतागले असते. बाबा वैतागत नव्हते. त्याचंही मला नवल वाटलं नाही, इतकी मी दमलेली होते.

गंगाझरीच्या अलीकडे बोनेटखाली काहीतरी थाप थाप आपटलं. एक जोराचा फटका बसला आणि आवाज थांबला. हा आवाज बाबांनाही कळला. लाल दिवा पेटला आणि या वेळी मिणमिणला नाही, पेटलेलाच राहिला. जळक्या रबराचा वास आला. "बॅटरी," बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता. जरा पुढे जातो तोच गरमीचा काटा वर सरकायला लागला. त्यांनी गाडी कडेला एका बोडीजवळ, शेतातल्या लहान तळ्याजवळ, घेतली आणि बंद केली.

बोनेट उघडून ते नुसते बघत उभे राहिले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे, पण नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणाले, "चार्जिंग गेली. अन् त्याच वेळी पाणीबी फिरनं बंद झालं. दोन बिमाऱ्या एकदम होत नाईत. डायनामो अन् पाण्याचा पंप, दोघाईले फिरवते कोण? एकच पट्टा." मग कंबर धरून, कण्हत ते वाकले. आत हात घालून त्यांनी पट्टा बाहेर काढला. तो पट्टा उरलाच नव्हता. दोऱ्यांचा गुंता आणि रबराची एक लांब चिंधी होती.

ते तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते मिलचे माणूस. त्यांनी चिंधीची कड अंगठ्याने चोळली. कड काचेसारखी चकचकीत झाली होती. मग पुलीच्या खाचेत बोट फिरवलं. तीही तशीच गुळगुळीत. आजूबाजूला सगळीकडे काळी भुकटी उडून बसली होती.

"हा आज नाई तुटला," ते म्हणाले. "लई दिवसाचा घसरून राहिला होता. दोन महिने तं नक्की." आणि बोलता बोलता थांबले. चिंधी हातात तशीच. त्यांच्या कपाळावर काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण तेच माझ्याही डोक्यात चाललं होतं. घसरणारा पट्टा ओरडतो. अख्खी मिल डोक्यावर घेतो.

"ओरडत असन मंग," ते म्हणाले. माझ्याकडे वळले. "ओरडत होता का वो?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. जिवाच्या आकांताने म्हणायचं होतं. त्यांच्या मनाला लागू नये म्हणून नव्हे. 'हो' म्हटलं की बाबांचं गाडी चालवणं सुटणार, आणि गाडी सुटली की मंगळवार आणि शनिवार माझ्या गळ्यात येणार, हे मी त्या एका क्षणात मोजून मोकळी झाले होते. मला माझीच किळस आली, तरी मी नजर बोडीकडे वळवली.

"ओरडत होता," आई म्हणाली. ती कधी दार उघडून खाली उतरली आम्हाला कळलं नव्हतं. दाराला धरून उभी होती. "रोज सकाळी ओरडे. शेजारचे उठून बाहेर येत."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "तुले आयकू येत होता? मंग सांगतलं काऊन नाई?"

"कायले सांगू? तुमाले कुकरची शिटी आयकू येत नाई. फोन वाजते तो आयकू येत नाई. मागचा हॉर्न आयकू येत नाई, तो मी सांगतो. मोठे मोठे आवाज येतात तुमाले, बारके नाई येत. सांगतलं असतं तं तुमी गाडी सोडली असती."

"अवो पण एखाद दिवशी..."

"मालूम आहे मले," आई म्हणाली. "घरी तुमी माज्याकडे पायता अन् रडता. गाडीत नाई रडत. म्हणून नाई सांगतलं."

मला रडू येईल असं वाटलं होतं, आला तो राग. दोघांवरही. असल्या रस्त्यावर एक बहिरा आणि एक अर्धमेली, दोघं मिळून एक ड्रायव्हर होऊन आठवड्यातून दोनदा येत होते, आणि मी काउंटरवर नोटा मोजत बसले होते. मिलमधली माणसं मोठ्याने बोलतात, म्हणून बाबाही मोठ्याने बोलतात, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. कान हळूहळू जात होते आणि आम्ही त्याला सवय म्हणत होतो.

मी आईला परत सीटवर बसवलं. बाबांनी डिक्की उघडली. जुन्या शर्टात गुंडाळलेला एक नवा पट्टा तिथं होता. मिलचा शिरस्ताच तो, एक पट्टा चढवला की दुसरा आणून खुंटीला टांगायचा. पाणी मात्र गाडीत नव्हतं. आईला पाणी मोजून द्यावं लागतं, तिच्या नजरेला पडू नये म्हणून बाबा गाडीत बाटलीच ठेवत नसत. मी आईचा रिकामा डबा घेऊन बोडीवर खेपा घातल्या. इंजिन निवल्यावर थोडं थोडं करत पाणी भरलं.

बाबांनी पट्टा चढवला. बोल्ट सैल करून, लोखंडी दांड्याने डायनामो मागे रेटून तो ताणला, अंगठ्याने मधोमध दाबून बघितला, पुन्हा ताणला. त्यांचे हात अजून पक्के होते. मधे एक मोटारसायकलवाला थांबला आणि आत न डोकावताच म्हणाला, "बैटरी गई क्या काकाजी?" बाबांनी मान वर केली नाही. मीच म्हटलं, "नहीं भैया, हो गया." तो गेला.

"चालू कर," बाबा मला म्हणाले. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला उचलली. बाबा बोनेटपाशी उभे राहिले, मान तिरकी करून, मिलमध्ये उभे राहत असतील तसे. मग त्यांनी मान सरळ केली आणि माझ्या खिडकीशी आले.

"आवाज येते का?"

मी ऐकलं. "नाही येत."

"नीट आयक. दिवे लावून आयक, पट्ट्यावर जोर येते."

मी दिवे लावले, गाडी जोरात रेस केली, पुन्हा ऐकलं. जन्मभर या माणसाने आम्हाला यंत्रं ऐकून दाखवली होती. आता तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि माझ्या ओठांवरून त्याला कळणार होतं. "नाही बाबा. काहीच आवाज नाही," मी म्हटलं.

त्यांनी बोनेट लावलं. हात पुसले. मी दार उघडून उतरायला लागले, तर त्यांनी ते बाहेरून लावून घेतलं. मागचं दार उघडून आत बसले. आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. ती रडत होती, आवाज न करता, आणि मला ते दिसू नये अशी तिची धडपड चालली होती.

मी गिअर टाकला. रस्ता मोकळा होता. मग मागून बाबांचा आवाज आला, तोच, सगळ्या मिलला ऐकू जाईल असा.

"मंगळवारची सुट्टी टाकून ठेव."

"हो," मी म्हटलं.

"काय म्हटलं?"

मी मान मागे वळवली, त्यांना माझे ओठ दिसतील अशी, आणि मोठ्याने म्हटलं, "हो बाबा, टाकते."