आम्ही ताईला मानानं पाठवलं

सुमनताई गेल्याची बातमी मी दोनदा कापली. सकाळी दाढी करत होतो, गालाला साबण, आणि मोबाईलवर कुठला तरी परदेशी नंबर. हल्ली अशा नंबरांवरून लॉटरी लागते, पार्सल अडकतं, घरबसल्या अटक होते... मी मोठ्या हुशारीनं फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला, वर बायकोला, लताला, ऐकवलंसुद्धा, "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय." तिसऱ्यांदा उचलला तो चार शब्द सुनावायला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ सावकाश इंग्रजीत सांगत होते, की ते पीटर, मलेशियात लंकावीला सुमनच्या शेजारच्या बोटीवर राहतात, आणि सुमन झोपेतच गेली. सकाळी ती डेकवर दिसली नाही म्हणून ते होडी घेऊन बघायला गेले होते. वाळलेल्या साबणाच्या गालानं मी 'ओके, ओके, थँक्यू' म्हणालो. बहीण गेल्याचं सांगणाऱ्याला थँक्यू म्हणणारा भाऊ बीड जिल्ह्यात तरी दुसरा नसावा.

ताई माझ्याहून बरीच मोठी. शिरूर कासारजवळच्या आमच्या घरात मेंढरं होती. दिवाळी उरकली की आमचे वडील, आबा, कळप घेऊन निघायचे, आणि शाळा बुडवायची हौस असलेली ताई त्यांच्या मागं. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, पण सगळीच गावं काही हसून घेत नसत. आबांचं एक ठरलेलं होतं. शिवेवर भेटलेला माणूस आधी 'कुठले तुमी?' म्हणाला तर पुढं चालायचं, आधी 'पाणी तिकडं हाय' म्हणाला तर तिथं बसायचं. ताईनं पुढं अंबाजोगाईला नर्सिंग केलं, मस्कतच्या दवाखान्यात नोकरी धरली आणि तिथंच जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या हान्स नावाच्या डच माणसाशी लग्न केलं. आबांनी बोलणं टाकलं. दोघं रिटायर झाले तेव्हा त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तिच्यावरच राहायला लागले, हे कळल्यावर आईनं डोळ्याला पदर लावला. "एवढं शिकून घर न्हाई का गं नशिबात?" आबांनी मात्र माझ्या हातातून फोन घेतला. कितीतरी वर्षांनी.

"चोहीकडं खारं पाणी म्हणतेस. मग पेयाचं कुठून भरता?"

"हुडकावं लागतंय आबा. कुठं देतेत, कुठं हाकलतेत."

"म्हंजे आपल्यासारखंच हाय की," आबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून हान्स आमच्या घरात दाजी झाले.

पुढं दर रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी फोन गोल फिरवून भोवतालचा किनारा दाखवायची, मग त्या जागेचा निकाल सांगायची. थायलंडच्या एका खेड्यात मासे वाळवणाऱ्या बायकांनी हिची होडी बघितल्या बघितल्या हातानंच नळ दाखवला, तिथं दोघं पावसाळाभर राहिली. एका श्रीमंत बंदरात शेजारच्या पांढऱ्याशुभ्र बोटवाल्यांनी हिच्या दोरीवर वाळणाऱ्या परकरांची तक्रार केली. "लई साजूक माणसं," ताई म्हणाली, "तासाभरात नांगर उचलला." इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावर दाजींनी मशिदीचा पंप दुरुस्त करून दिला, तेव्हापासून लोक यांना जाऊ देईनात, रोज कुणीतरी केळी आणून टाकायचं. अडचण एवढीच, की कुठलाही देश झाला तरी परवाना ठराविक दिवसांचा. मुदत संपली की शेजारच्या देशात जायचं, शिक्का मारून परत यायचं. शेवटी लंकावी त्यांना मानवली. धक्क्यावर नूडल्स विकणारी एक बाई होती, ती म्हणे यांची बोट परत आलेली दिसली की कढई चढवायची, आलात का, कधी जाणार, काही विचारायची नाही.

हे सगळं मी विकून खाल्लं. आमच्या घराण्यात लग्नकार्यात जेवणं आटोपली की मला मध्ये बसवायची पद्धत आहे, आणि माझ्याकडं माल एकच, ताई. परकरांची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी त्यात बंदरावरचे पोलीसही आले होते. लोक पोट धरून हसायचे. ताईला कळलं तर ती म्हणायची, "सांग बाबा. निदान माझं नाव तरी गावात राहील."

दाजी दोन पावसाळ्यांपूर्वी गेले. ताई बोटीवर एकटी उरली. एका रविवारी म्हणाली, "आता मला नांगर उचलत न्हाई रे. गुडघे ऐकत न्हाईत. कुठंतरी कायमचं राहावं म्हणते, जिथून कुणी उठवणार न्हाई." यापुढं तिच्या आयुष्यात एवढाच एक प्रश्न होता, आणि तो तिनं सरळ मराठीत, सख्ख्या भावाला सांगितला होता. भाऊ म्हणाला, "फिलिपाईन्स बघ की. तिकडची माणसं चांगली हायेत म्हणतेत." ती म्हणाली, "बघते. त्याआधी घराकडं एक चक्कर टाकते."

बीडच्या स्टँडवर मी तिला घ्यायला गेलो, तर बरोबर दोन दांडग्या बॅगा. "एवढं सामान कावून आणलंस? हमाल घरचाच हाय म्हणून?" मी म्हणालो, आणि ती रिक्षात बसेपर्यंत हसत होती. घरी तिचं सगळं बोटीवरचं चाले. एका तांब्यात तोंड धुऊन व्हायचं, उरलेल्या पाण्यात रुमाल. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, त्यामुळं लता तिच्यावर भलतीच खूश. "शिका जरा बहिणीकडून," मला रोज ऐकावं लागे. पहिले काही दिवस ताईला झोपच येईना, घर हलत नाही म्हणून. तिला बघायला माणसं यायची, आणि मी तिच्याच समोर तिच्या गोष्टी सांगायचो. ती कोपऱ्यात शेंगा सोलत ऐकायची, मध्येच म्हणायची, "पोलीस नव्हते रे." कुणी ऐकायचं नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "मग ताई, परत कधी निघायचं?" आपल्याकडं हे प्रेमानंच विचारतात. 'किती दिवस हायेस?' म्हणजे 'पुरणपोळी कधी करू?' ताई म्हणाली, "तिकीट काढलं न्हाई अजून," आणि तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा मी काय अर्थ काढावा? मला नुकतंच मोबाईलवर तिकीट काढता यायला लागलं होतं. मला वाटलं, बिचारीला ते जमत नसेल. तिला न विचारता मी तिकीट काढून टाकलं, भावाची भेट म्हणून.

आणि त्याच आठवड्यात लताच्या मनात आलं, ताईंची ओटी भरायची. "दाजी न्हाईत म्हणून काय झालं? माहेरवाशीण ती माहेरवाशीण. कोण काय म्हणतंय बघू." मला बायकोचा इतका अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता. आम्ही मुद्दाम आळीतल्या बायका बोलावल्या. ज्या दोघी-तिघी नाकं मुरडतील वाटलं त्यांना तर आवर्जून. ताईला पाटावर बसवलं, अंगावर नवी साडी. लतानं हळदकुंकू लावलं, खण, नारळ, गहू. ताई ताटाकडं बघत राहिली. मग दोन्ही हातांनी पदर पसरला आणि म्हणाली, "नीट भर लता, गहू सांडतेत." बायकांचे डोळे पाणावले. माझेही. तोच मुहूर्त साधून मी जाहीर केलं, "ताई, आणि हे तुझं तिकीट." ताई म्हणाली, "काढलंस? बरं झालं. मला जमलंच नसतं." पुढच्या सोमवारी ती लंकावीला परत गेली.

ओटीची ही गोष्ट परकरांपेक्षाही जास्त चालली. कॉलेजात, जिथं मी कारकून आहे, महिला दिनाला मला व्यासपीठावर बोलावून ती सांगायला लावली. टाळ्या पडल्या, मला गुलाबाचं फूल मिळालं. विधवा बहिणीची ओटी भरणारा भाऊ... फूल मी ताईला व्हिडिओवर दाखवलं. "छान हाय," ती म्हणाली.

ताई वारल्यावर कागदपत्रांसाठी पीटरना पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनीच विषय काढला. तो फोन झाल्यापासून मला पुन्हा गोष्ट सांगता आलेली नाही. म्हणाले, सुमन घरी जायला निघाली तेव्हा सगळ्या बोटवाल्यांनी तिला जेवण दिलं होतं. तिनं आपल्या मिरचीच्या, कोथिंबिरीच्या कुंड्या वाटून टाकल्या, बोटीवर 'विकणे आहे'ची पाटी लावली. भाऊ आहे, मोठं घर आहे, आता तिकडंच, म्हणून सांगत होती. थोड्याच दिवसांत परत आली तेव्हा कुणाला काही विचारवेना. तिनं आपण होऊन सांगितलं, भाऊ-भावजय फार चांगली आहेत, त्यांनी मला फार मानानं पाठवलं. पदरात धान्य घातलं. मग पीटरनी मला सहज, नुसतं कुतूहल म्हणून विचारलं, ही जी पद्धत आहे तुमच्यात, ती आल्यावर करतात की जाताना?

मी इंग्रजीत शब्द शोधत असल्यासारखं केलं. शब्द काही अवघड नव्हता. शेवटी म्हणालो, जाताना.

"अच्छा," ते म्हणाले.

लताला मी हे सांगितलं नसतं, पण फोन स्पीकरवर होता. ती गॅस बारीक करून तशीच उभी राहिली. "मी चांगल्या मनानं केलं हो," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "आपण दोघांनी." खरं तर भांडायला पाहिजे होतं, एकमेकांवर ढकलायला पाहिजे होतं, तेवढीही सोय नव्हती. मग तिला आठवलं, आणि ती जिन्यानं वर गेली. मी मागोमाग.

वर गच्चीलगत एक खोली आहे. पाहुणी असताना एका दुपारी ताईनं ती झाडून, पुसून लख्ख केली होती, आणि मी तिला रागे भरलो होतो, "चार दिवस आलीस, आराम कर की." ती परत गेल्यावर आम्ही तिथं पुन्हा रद्दी, जुने डबे, मोडका कूलर कोंबला. आता दार उघडून बघितलं तर भिंतीतल्या फळीला पुढून एक आडवी दोरी ताणून बांधलेली. बोटीवर सगळ्या फळ्यांना अशी दोरी असते, लाटेनं सामान खाली पडू नये म्हणून. ताईनं एकदा व्हिडिओत दाखवली होती. आमचं घर हलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिनं बांधली, दोन्ही टोकांना नवे खिळे ठोकून. पाहुणा कधी कुणाच्या भिंतीला खिळे ठोकत नाही... हे मला त्या दुपारीसुद्धा कळायला हरकत नव्हती. हातोडा तिनं माझ्याकडूनच मागून नेला होता.

रद्दी विकली, डबे भंगारवाल्याला दिले, कूलर अजून जात नाही. लतानं फळी पुसली. दोरीखालून हात घालून पुसावी लागते, जरा वेळ लागतो. ती तशीच पुसते.