दोन हिवाळे उभ्या राहिलेल्या टपालपेट्या

सेल्मा कांगस हुशार आहे हे तिच्या कॉलेजला सोडून अख्ख्या गावाला माहीत होतं. कॉलेजने तिला चारपैकी जेमतेम अडीच गुणांची पदवी देऊन वाटेला लावलं, त्याला आता दहाएक वर्षं झाली. तेव्हापासून ती बंदरावरच्या दुकानात धुरी दिलेले मासे विकते. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून पुस्तक निघतं. तिने परत केलेल्या पुस्तकांना ग्रंथालयाने वेगळं कपाट दिलंय, वासामुळे, असं शेजारची बर्निस सांगते. बर्निसचं सगळंच खरं धरू नये. साठी उलटली तरी बाईचे कान विशीतले आहेत, आणि तोंड त्याहून तरुण.

गेल्या वर्षी पानगळीत सेल्माने गुपचूप लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली. शंभरातले अठ्ठ्याण्णव तिच्या मागे! हे बर्निसला कळलं म्हणजे दुपारपर्यंत न्हाव्यालाही कळलं. पण लॉ कॉलेजवाले बुचकळ्यात पडले. एवढ्या डोक्याच्या मुलीला कॉलेजात असे मार्क कसे? आळशी असणार, नाहीतर दारू. अर्जात कमी मार्कांचं कारण लिहायला ऐसपैस जागा होती. इतर मुलं तिथे पानभर रडतात. सेल्माने लिहिलं, "मार्क कमी पडले. दोष माझा."

आता याला काय म्हणावं? पण इथे, अमेरिकेच्या उत्तर टोकाला, फिनलंडहून येऊन वसलेल्या घरांमध्ये पाय मोडला तरी "जरा लचकलाय" म्हणायची पद्धत. सबब सांगणं म्हणजे भर चौकात लुगडं सोडल्यासारखं. एकामागून एक नकार आले.

मार्च सरता सरता दोन दारं उरली. राज्यातल्याच एका कॉलेजने नुसता परीक्षेचा आकडा बघून तिला घेतलं, बाकी काही विचारलं नाही. शिकागोच्या एका मोठ्या कॉलेजने मात्र प्रतीक्षा यादीत टाकून विचारलं, "दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नेमकं काय झालं? सोमवारपर्यंत कळवा." सेल्माला शिकागोच हवं होतं. कामावर जायबंदी झालेल्यांचे खटले तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या हाताखाली स्वतः लढवतात. ते तिला का हवं, हे ज्याने तिच्या बापाची पाठ पाहिली त्याला सांगायला नको.

बाप, ओनी, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोकरीत रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. पेन्शनला दोन हिवाळे उरले असताना पाठ गेली. डॉक्टरकडे गेला असता तर नोकरी गेली असती. म्हणून ते दोन हिवाळे ओनी गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून शेजारच्या सीटवर बसायचा, आणि ट्रक चालवायची एकोणीस वर्षांची सेल्मा. लायसन्स होतं का, हे कृपया विचारू नका. पहाटेपर्यंत रस्ते, आठला वर्ग. वर्गात ती छान झोपायची.

हे लिहायचं तर बापाने काम न करता पगार घेतला असं लिहायचं. सेल्मा ते मेली तरी लिहिणार नव्हती.

शनिवार आला. शनिवारी कांगसांच्या परसातली सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापते. आधी पुरुष, मग बायका. ओनी आत वाफेत बसला होता, आणि बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत सेल्मा न् बर्निस कॉफी आणि वेलचीचा पाव घेऊन आपल्या पाळीची वाट बघत होत्या. मध्ये फक्त फळ्यांची भिंत.

"मग, शिकागोला काय लिहिलंस?" बर्निसने विचारलं, जरा जास्तच मोठ्याने.

"हळू बोल ना! काही नाही लिहिलं. राज्यातलं कॉलेज चांगलंय."

"चांगलं तर माझं दुसरं लग्नही होतं. तुला कुठलं हवंय?"

"बर्निस, पाव खा."

"बापाच्या ट्रकबद्दल लिहायचं नाही म्हणून शिकागो सोडतेयस?"

आतून चर्रर्र आवाज आला. ओनीने तापल्या दगडांवर पाणी ओतलं होतं. बर्निस थांबली. वाफेचा आवाज विरेपर्यंत तिने पावाला शांतपणे लोणी लावलं, आणि मग शब्द न् शब्द पुन्हा म्हटला.

पुन्हा चर्रर्र.

"ओनी कांगस," बर्निस भिंतीला म्हणाली, "बादलीतलं पाणी कधीतरी संपेल. मी नाही संपायची."

आत बादली फळीवर टेकल्याचा आवाज झाला. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. "सेल्मा."

"काय बाबा?"

"लिही."

"नको बाबा. मुकादमाला कळलं तर तुमचं पेन्शन—"

"मुकादमाला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं."

"कसं?"

"टपालपेट्या." ओनी खोकला. "मी दर हिवाळ्यात बर्फ ढकलता ढकलता रस्त्याकडेच्या खांबांवरच्या दहा-बारा उडवायचो. त्या दोन हिवाळ्यांत एक पडली नाही. मुकादम म्हणाला, ओनी, तुझ्या पाठीला सांग, आरामात बरी हो."

सेल्मा बर्निसकडे बघत राहिली. "तुलाही तेव्हापासून माहीत होतं?"

"अगं, माझी पेटी कोपऱ्यावरची! पहिल्या लग्नापासून दरसाल पडायची. ती वसंतात उभी दिसली तेव्हा मी रडले होते." मग पावाचा चुरा गोळा करत, "आम्ही सगळेच गप्प बसलो. तुझे मार्क जातायत हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही गं."

सेल्माने कॉफीचा कप खाली ठेवला. बाहीने डोळे पुसले. वाफ, दुसरं काय.

"आणि हे लिही," आतून आवाज आला, "की बापाला तेव्हा सांगता आलं नाही, पण मुलगी त्याच्यापेक्षा चांगली चालवायची." लगेच चर्रर्र. एवढं बोलल्यावर माणसाला आडोसा लागतो.

रविवारी तिने सगळं लिहिलं, पेट्यांसकट. शिकागोने मे महिन्यात होकार कळवला. राज्यातल्या कॉलेजला तिने आभाराचं इतकं लांबलचक पत्र लिहिलं, की ही सेल्माच का अशी बर्निसला शंका आली.

ऑगस्टमध्ये सेल्मा निघाली. गाडीला मागे सामानाची ट्रॉली जोडलेली. ओनी ओट्यावर काठी टेकून उभा. सेल्माने त्याच्याकडे बघत हात हलवला, गाडी मागे घेतली, आणि ट्रॉलीने बर्निसची टपालपेटी धाडकन आडवी केली.

सेल्मा रडत खाली उतरली. "बर्निस, मला दिसलंच नाही, मी आत्ता बसवून—"

"हात लावू नकोस! राहू दे तशीच!" बर्निस ओरडली. तिचेही डोळे वाहत होते.

ओट्यावर ओनी कांगस हसत होता. पाठ धरून, मोठ्याने. असं हसताना त्याला गावात कोणी पाहिलं नव्हतं.

"आता पटलं," तो म्हणाला, "माझीच आहे."