टरबूज आणि बॅग
टरबूज चिरताना येणारा तो थंड, गोड वास नाकात शिरला की मला बिडकीनचा रस्ता आठवतो. जमीन मोजायच्या कामावर मी नवीनच लागले होते आणि ऑफिसचं महागडं जीपीएस मशीन पाठीवर घेऊन रानोमाळ फिरायचं होतं. ते फुटलं असतं तर नोकरीही गेली असती. शहागंजातल्या दुकानदारानं आतून जाड फोम लावलेली एक बॅग काढली अन् म्हणाला, "मॅडम, आँख बंद करके ले जाओ." माझा काही विश्वास बसेना. बॅग घेतली, पण बाहेरच्या गाड्यावरून मशीनच्या वजनाचं टरबूजही घेतलं आणि मशीनच्या आधी बॅगेची परीक्षा म्हणून तिच्यात घातलं. "लोक लई हसतील गं तुला," मोटरसायकलला किक मारत सोबत आलेले वडील म्हणाले. "हसू द्या, अण्णा. मशीन फोडून रडण्यापेक्षा बरं." बिडकीनच्या अलीकडं खडीवरून मोटरसायकल घसरली आणि मी बॅगेसकट पाठीवर आपटले. पाठ ओलीचिंब लागली. "फुटलं का गं?" वडिलांनी आधी हेच विचारलं, मला लागलं का, ते नंतर. मी डोळे मिटून बॅगेचा तळ चाचपला, तर कोरडा ठणठणीत! ओल होती ती माझ्या घामाची. मग तिथंच बाभळीखाली बसून आम्ही ते टरबूज दगडावर आपटून फोडलं आणि कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्लं. बॅग अजून तीच आहे. आजही कुठं जरा धक्का लागला, की मशीन चालू करून बघायच्या आधी माझा हात बॅगेच्या तळाशी जातो, ओल तर नाही ना, ते बघायला.