माझा हेवीवेट मेव्हणा

माझ्या धाकट्या मेव्हण्याइतकी माफी मागितलेला माणूस सबंध दिल्लीत सापडायचा नाही. तशी या शहरात माफी मागायची रीतच नाही. इथे आपल्या स्कूटरला मागून ठोकणारा माणूस शांतपणे खाली उतरतो आणि आपल्यालाच विचारतो, "देख के नहीं चलते?" अशा गावात हा सव्वासहा फूट उंच, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागणारा प्राणी बसमध्ये चढला, की कंडक्टरपासून सुरुवात करून "सॉरी भाईसाहब, सॉरी माताजी" असं म्हणत मागच्या सीटपर्यंत पोचायचा, आणि तिथेही बसायचा नाही. "आपण बसलो की दोघांची जागा जाते भाऊजी," असं त्याचं म्हणणं. रिंगणातही तोच प्रकार. ठोसा हाणायचा आणि लगेच "सॉरी" म्हणायचं. पण दातांवर रबरी कवच बसवलेलं असल्यामुळे त्या "सॉरी"चा उच्चार काहीतरी भलताच व्हायचा, समोरच्याला वाटायचं हा आईवरून बोलतोय, आणि तो दुप्पट चवताळून अंगावर यायचा. माफी मागितल्यामुळे माझ्या मेव्हण्याने जेवढा मार खाल्ला, तेवढा चुकल्यामुळे खाल्ला नसेल.

तो हिचा धाकटा भाऊ. माझे सासरे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन नागपूरला गेले तेव्हा हा दिल्लीत कॉलेजात होता, म्हणून आमच्याकडे राहायला आला. आम्ही नुकतेच मयूर विहारच्या सोसायटीत आलो होतो. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. खाली वाळूचे ढीग, आणि वीज आली तरच पाणी. पण त्याच सुमाराला केबल आली, आणि एका दुपारी माझ्या मेव्हण्याने कुठल्यातरी परदेशी चॅनेलवर दोन धिप्पाड माणसं एकमेकांना लाथा आणि ठोसे मारताना पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर इतका भक्तिभाव मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. आठवड्याभरात तो शेजारच्या सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये किकबॉक्सिंग शिकायला जाऊ लागला. शिकवणारे सर त्याच्या छातीपर्यंत येत. पण सरांनी आधी कुठे शिकलायस असं विचारल्यावर याने प्रामाणिकपणे "टीव्हीवर" असं उत्तर दिलं, आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

किकबॉक्सिंगमध्ये त्याची एकच अडचण होती, ती म्हणजे किक. एवढा देह एका पायावर तोलून धरणं हे त्याला धोक्याचं वाटे. हात मात्र सुरेख चालत. पण त्या खेळात दर फेरीत ठराविक लाथा माराव्याच लागतात, नाहीतर गुण कापतात. मग हा फेरीभर नुसते ठोसे मारायचा, आणि घंटा व्हायला थोडा वेळ उरला की, मार्चअखेरीला आमच्या ऑफिसात उरलेली ग्रँट संपवतात तशा, सगळ्या लाथा एका दमात उरकून टाकायचा. त्या समोरच्याला लागोत, हवेला लागोत, रेफ्रीच्या शर्टाला लागोत. "हिशेब पुरा झाला ना?" असं तोंडाने नाही, पण डोळ्यांनी तो रेफ्रीला विचारायचा.

घरात त्याच्या हातांना देवघरातल्या मूर्तीसारखं जपलं जाई. म्हणजे तोच जपत असे. मोहरीच्या तेलातलं लोणचं असलेली बरणी घट्ट बसली की हिने ती त्याच्यापुढे सरकवावी आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे न्यावेत. "ताई, मनगट मुरगळेल. तूच उघड." पदर खोचून, दात-ओठ खाऊन बरणी उघडणारी माझी बायको आणि शेजारी उभा राहून "हां, आता फिरलं, आता फिरलं" असा धीर देणारा दिल्लीचा हेवीवेट, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं. सोसायटीतली माणसं त्याला "पहलवानजी" म्हणत, त्याचं त्याला वाईट वाटे. "पैलवान मातीत असतो भाऊजी. आपण रिंगणात असतो."

पुढे खेळाडूंच्या कोट्यातून त्याला एका सरकारी खात्यात नोकरी लागली, पण ती बॉक्सिंगसाठी. म्हणजे आता लाथांची सक्ती गेली, उलट बंदी आली. आणि गंमत अशी, की ज्या लाथा पूर्वी आठवण करून मारायला लागत, त्या आता आपोआप येऊ लागल्या. पहिल्याच आंतरखाते स्पर्धेत फेरी संपत आली, जुन्या सवयीने त्याचा उजवा पाय उठला आणि समोरच्या बिचाऱ्या स्टोअरकीपरच्या मांडीवर बसला. रेफ्रीने "स्टॉप" म्हणण्याआधीच हा हात जोडून उभा. त्याला बाद ठरवलं. तो त्या संध्याकाळी घरी आला तोच त्या प्रतिस्पर्ध्याला बरोबर घेऊन. रोहतककडचा मुलगा, एक डोळा सुजलेला, लंगडत. हिने त्याला थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि विचारलं, "बहुत मारा क्या इसने?"

"मारा तो, दीदी," तो लाजून म्हणाला, "पर प्यार से मारा."

ही हसली, पण जेवण झाल्यावर ओट्याशी बराच वेळ पाठमोरी उभी होती. भावाची एकही लढत तिने पाहिली नव्हती. स्पर्धेच्या दिवशी ती फ्रिज पुसायला काढायची, आणि तो घरी आला की आधी त्याच्या डोळ्यांत बघायची, मग पदकाकडे.

पदकं पुष्कळ होती, आणि तेच त्याचं दुःख होतं. आपल्याकडे हलक्या वजनाचे मुक्केबाज ढीगभर, पण एवढ्या वजनाचे मिळणार कुठून? बहुतेक वेळा याच्या गटात दुसरं नावच नसे, असलं तर तो माणूस याला वजनाच्या वेळी बघून आजारी पडे. मग हा एकटा रिंगणात चढायचा. ग्लोव्ह्ज, हेल्मेट, सगळा जामानिमा करून मध्यभागी उभा राहायचा, आणि रेफ्री टाचा उंचावून त्याचा हात वर करायचा. टाळ्या वाजवायलाही कुणी नसायचं, कारण लोक चहाला गेलेले असत. एकदा अशाच एका सुवर्णपदकानंतर मी त्याचं अभिनंदन केलं, तर तो ते पदक माझ्या मुलाच्या खेळण्यांच्या टोपलीत टाकत म्हणाला, "भाऊजी, एकदा तरी समोर कुणीतरी यावं हो. हरलो तरी चालेल."

वर्षं गेली. त्याने बॉक्सिंग सोडलं, खात्यात फायली बघू लागला, केस मागे गेले. तोवर यमुनेपलीकडच्या आमच्या या बाजूला मेट्रो आली, आणि गुडगावात, जिथे आम्ही एकदा कुणाच्यातरी शेतावर ऊस खायला गेलो होतो, तिथे काचेचे टॉवर उभे राहिले. त्यातल्या एका टॉवरच्या तळघरातल्या जिममध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्स नावाचा नवा प्रकार सुरू झाला होता. त्यात लाथा चालतात, ठोसे चालतात, कुस्ती चालते, जमिनीवर पाडून मारणंही चालतं. जिमवाल्यांना फरिदाबादच्या एका दांडग्या बाउन्सरसमोर उभा राहील असा माणूस हवा होता. माझ्या मेव्हण्याला कुणीतरी विचारलं. त्या दिवशी तो आमच्याकडे आला तो जिने चढतच नव्हता, उडत होता.

"ताई, समोर माणूस आहे! माझ्यापेक्षा जड आहे!"

"तुझं वय काय?" ही म्हणाली.

"त्याने विचारलं नाही."

ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "मीही येणार. त्याला काही झालं तर तुम्ही काय करणार आहात? चष्मा पुसाल."

लढत रविवारी दुपारी एका मॉलमध्ये होती. कुटुंबंच्या कुटुंबं खरेदीच्या पिशव्या आणि मक्याचे दाणे घेऊन खुर्च्यांवर बसली होती. मध्ये जाळीचा आठ बाजूंचा पिंजरा. तिथे माझा मेव्हणा पोट आत ओढून उभा होता आणि समोर खरोखरच त्याच्यापेक्षा जाड माणूस होता. याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्याच्या लग्नातही पुढे पाहिलं नाही. पहिली फेरी दोघं एकमेकांना ढकलत राहिले. दुसऱ्या फेरीत त्या बाउन्सरचा हात जरा खाली आला, आणि माझ्या मेव्हण्याने एक डावा ठोसा मारला. मला त्यातलं कळत नाही, पण तो ठोसा मला कळला. तो मारल्यासारखा वाटलाच नाही, ठेवल्यासारखा वाटला. एवढा तो डोंगर आधी गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला.

सगळा मॉल ओरडला, "मार! मार! ऊपर बैठ!" आणि माझा मेव्हणा वळला, आणि चालत कोपऱ्याकडे निघाला. बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला की रेफ्री दहा मोजेपर्यंत कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं असतं. पण इथे कोपरे आठ. तो एका कोपऱ्यात गेला, तिथून दुसऱ्याकडे बघू लागला. रेफ्री मोजतच नव्हता, कारण या खेळात मोजत नाहीत. तेवढ्यात तो बाउन्सर उठला, मागून येऊन त्याने याची कंबर धरली आणि याला आपटलं. पुढचं मी पाहिलं नाही. मी खरंच चष्मा पुसत होतो. ही मात्र खुर्चीवर उभी राहून बघत होती.

आत गेलो तेव्हा तो बाकावर बसला होता, भुवईवर टाके पडत होते. मला वाटलं ही आता रडेल. पण ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि कडाडली, "का नाही मारलंस? इतकी वर्षं माझ्या जिवाला घोर लावलास, आणि मारायच्या वेळी फिरायला गेलास?"

"पडला होता गं तो," तो म्हणाला. "मी मनात आकडे मोजत होतो. तुला सांगतो ताई, दहाच्या आत उठला नसता."

"इथे नाही मोजत मेल्या!"

"माहीत आहे. शिकवलं होतं. पण पडलेला माणूस बघितला आणि विसरलोच." मग घाबरत घाबरत त्याने विचारलं, "ठोसा पाहिलास?"

हिने पदराने त्याच्या मानेवरचा घाम पुसला. "पाहिला," ती म्हणाली. "छान होता."

त्यानंतर तो पुन्हा लढला नाही. उशिरा लग्न केलं, गाझियाबादला घर घेतलं. बायको गढवालची, शाळेत शिकवते, याला नीट सांभाळते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने हळू आवाजात सांगितलं, की हे हल्ली दूध आणायला जातात आणि कुठे वळायचं ते न आठवून चौकात उभे राहतात. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मार खाल्लेलं डोकं आहे, आता फक्त जपायचं. मग आम्ही सगळे गच्चीवर उन्हात जाऊन बसलो. पेरू चिरले होते.

"ताई, ते दे ना," तो म्हणाला.

"काय रे?"

"ते गं." त्याने एवढ्या मोठ्या बोटांची चिमूट केली आणि ती चिमूट हवेत धरून तो विचार करत राहिला. "पेरूला लावतात ते."

हिने बशी पुढे सरकवली. "मीठ."

"हां. मीठ." तो हसला.

"दिल्लीत राहून मराठी पार गेलं तुझं," ही म्हणाली.

मीही "हो ना" म्हणालो. दिल्लीत राहून मराठी शब्द जातात हे खरंच आहे, आमच्या मुलांचे तर कितीतरी गेले. पण त्यांच्या जागी हिंदी येऊन बसतं. त्याला "नमक"ही आठवलं नव्हतं. हिच्याही ते लक्षात आलं होतं. तिने एका फोडीला मीठ लावून ती त्याच्या हातात दिली, आणि मग एकदम बोलायला लागली. त्यांच्या लहानपणच्या सरकारी क्वार्टरबद्दल. तिथल्या फडताळाबद्दल, मागच्या अंगणातल्या बंबाबद्दल, पाट्याबद्दल, वरवंट्याबद्दल, आईच्या परडीबद्दल. एकेका वस्तूपाशी थांबत होती, तिचं नाव सावकाश, स्पष्ट उच्चारत होती. आणि तो पेरू हातात तसाच धरून, तिच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द ऐकत होता.